जर्मनीत नुसता कागद, मग फिशरचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. तुम्ही बत्तीस वर्षांच्या आहात, दोन महिन्यांनी नोकरीसाठी स्टुटगार्टला निघालाय. वर्षभर फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर, अधूनमधून डोकं वर काढतंय. शौचाला कडक झालं की दोन-चार दिवस आग, कधी रक्ताचा थेंब, मग परत बरं. तिथल्या संडासात जेट नसतो, बादली-मग नसतो, भिंतीला फक्त कागदाची गुंडाळी असते. कागदाने खरंच स्वच्छ होतं का, त्याने फिशर वाढेल का, आणि इतकी पुढारलेली माणसं पाणी सोडून कागद का वापरतात, असं तुम्ही विचारलंय. हे कुणाला विचारायची लाज वाटते, असंही शेवटी लिहिलंय.

लाज वाटू देऊ नका. मी सर्जन आहे. गेली तेवीस वर्षं नाशिकला मुख्यतः गुदविकारांचे रुग्ण बघते. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण "मूळव्याध झालीय" असं सांगतच आत येतो, मग तपासल्यावर फिशर निघो, भगंदर निघो नाहीतर नुसती खाज. आणि बहुतेकांनी यायला सहा महिने ते दोन वर्षं उशीर केलेला असतो. दुखत नव्हतं म्हणून नव्हे, सांगायचं कसं या संकोचापायी. तुम्ही निघायच्या आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

तुम्ही कागद की पाणी असं विचारलंय, पण मला तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो. तिथली कातडी सोलवटू न देता ती जागा साफ कशी ठेवायची, आणि साफ करणारा हात नंतर कितपत साफ होतो, या दोन गोष्टी सांभाळल्या की कागदाच्या देशातही तुमचं नीट चालेल. त्या सांभाळल्या नाहीत तर घरी जेट असूनही त्रास होतो. तसे रुग्ण मी दर आठवड्याला बघते.

काही गोष्टी मात्र तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सांगता येणार नाहीत. फिशर ताजं आहे की जुनं झालंय, शौच रोज मऊ होतं की आठवड्यातून तीनदा खडा पडतो, कातडी मुळात कोरडी किंवा इसबाची आहे का, यावर बरंच काही ठरतं. ज्यांना शौच मऊ आणि एकसंध होतं त्यांना कागदाचे दोन-तीन तुकडे पुरतात आणि कातडीला काही होत नाही. ज्यांना चिकट, अर्धवट होतं त्यांना दहा तुकडेही पुरत नाहीत, आणि त्यांचीच कातडी घासून घासून जाते.

आता इतिहास. तुमच्या "का"चं उत्तर तिथे आहे, आणि माझ्या कामाशीही त्याचा थेट संबंध आहे. अमेरिकेत खास संडासासाठी म्हणून विकायला आलेला पहिला कागद चक्क मूळव्याधीवरचा उपाय म्हणून विकला गेला. १८५७ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ गायेटी या गृहस्थांनी मनिला ताग वापरून पातळ कागद केला, त्याला कोरफडीचं पाणी दिलं, आणि पाचशे कागदांचा गठ्ठा पन्नास सेंटना विकायला काढला. प्रत्येक कागदात त्यांच्या नावाची पाणखूण, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी खूण, असे. जाहिरातीत म्हणत की छापील कागद वापरू नका, शाईत विष असतं, त्याने मूळव्याध होते. त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांना भोंदू ठरवलं. माझं मत विचाराल तर कागदाने मूळव्याध होतही नाही आणि बरीही होत नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, त्या कुंथून कुंथून खाली सरकतात, ती मूळव्याध. पण खरखरीत गोष्टीने पुसलं की तिथे इजा होते, एवढं त्यांचं म्हणणं खरं होतं. तोवर अमेरिकेतली खेड्यातली माणसं सोललेली मक्याची कणसं वापरत, नाहीतर जुनी पंचांगवजा पुस्तकं आणि वर्तमानपत्रं खिळ्याला टांगून ठेवत.

गुंडाळीचं श्रेय न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या सेथ व्हीलर यांचं. त्यांनी १८७१ मध्ये टोचे मारून फाडता येईल अशा गुंडाळणीच्या कागदाचं पेटंट घेतलं आणि १८९१ मध्ये संडासाच्या गुंडाळीचं. फिलाडेल्फियाच्या स्कॉट बंधूंची कंपनी याच धंद्यात मोठी झाली, पण सुरुवातीला ते आपलं नाव गुंडाळीवर घालत नसत. हॉटेलांच्या आणि दुकानदारांच्या नावांनी माल जाई. म्हणजे तुम्हाला जी लाज वाटते ती या वस्तूच्या कारखानदारांनाही वाटत होती. आणि हा कागद आजच्यासारखा मऊ नव्हता. लाकडाच्या लगद्यात बारीक कुसळं राहून जात. १९३५ साली एका अमेरिकन कंपनीने "आमच्या कागदात कुसळं नाहीत" अशी जाहिरात केली, आणि तो त्या काळी मोठा गुण ठरला. माझ्यासारखीला ते वाचून अंगावर काटा येतो, कारण चिरेवर कुसळ म्हणजे काय हे मी कल्पनेने ओळखू शकते.

पण पुसायला कागद वापरणं ही अमेरिकेची किंवा युरोपची कल्पनाच नव्हे. ती चीनची, आणि हजारभर वर्षं आधीची. सहाव्या शतकातला यान झितुई हा विद्वान लिहून ठेवतो की ज्या कागदावर प्राचीन ग्रंथांतली वचनं किंवा ऋषितुल्य माणसांची नावं आहेत तो शौचासाठी वापरायची आपली हिंमत होत नाही. याचाच अर्थ कोरा कागद लोक वापरत होते. इ.स. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी वर्णनात तक्रारीच्या सुरात लिहिलंय की चिनी लोक पाण्याने धूत नाहीत, कागदाने पुसतात. साडेअकराशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य, आणि तुमच्या प्रश्नातलं वाक्य जवळपास तेच. १३९३ मध्ये तर मिंग दरबारासाठी एका वर्षात ७,२०,००० कागद बनवले गेल्याची नोंद आहे. प्रत्येक कागद सुमारे दोन फूट बाय तीन फूट. शिवाय बादशहाच्या कुटुंबासाठी १५,००० मऊ, सुगंधी कागद वेगळे.

कागदाच्याही आधी काठ्या होत्या. चीनच्या वायव्येला दुन्हुआंगजवळ, रेशीममार्गावरच्या एका जुन्या ठाण्याच्या शौचकूपात, टोकाला कापड गुंडाळलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या काठ्या सापडल्या. त्या कापडावरच्या वाळलेल्या विष्ठेत संशोधकांना २०१६ साली जंतांची अंडी दिसली. त्यांत यकृतात राहणाऱ्या एका चपट्या कृमीचीही होती. हा कृमी दलदलीच्या, पाणथळ मुलखातला. दुन्हुआंगचा भाग कोरडा ठणठणीत, आणि त्या कृमीचा जवळचा मुलूख तिथून सुमारे दीड हजार किलोमीटरवर. म्हणजे कुणीतरी प्रवासी पोटात तो घेऊन इतका लांब आला, त्या ठाण्यात बसला, आणि त्याची खूण काठीवर राहिली. वैयक्तिक स्वच्छता आणि रोगप्रसार या दोन गोष्टी किती लगत असतात, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या काठ्यांनी जास्त शिकवलं.

रोमन लोकांकडे काठीला लावलेला समुद्री स्पंज असे. सार्वजनिक शौचालयांत तो सामायिक होता असं सांगितलं जातं. काही अभ्यासकांना वाटतं की तो शौचालय घासायला होता. सामायिक असेल तर माझ्या नजरेने ती सगळ्यात घातक पद्धत.

मग युरोप पाण्याकडे का गेला नाही? याचं एकच एक कारण नाही, पण मला सगळ्यात पटणारं कारण अगदी साधं आहे. घरात पाणी नव्हतं, आणि होतं ते बर्फासारखं होतं. मी २००९ च्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी तीन महिने स्कॉटलंडला होते. जुन्या इमारतीतली खोली होती. जानेवारीत नळाचं गार पाणी बाटलीत भरून संडासात न्यायचे, तेव्हा बोटांची पेरं बधिर व्हायची. पंधरा दिवसांत मी आधी कागद आणि मग ओला कागद यावर आले. पहाटे चार वाजता आडातून पोहऱ्याने काढलेलं पाणी नाशकात थंडीतही कोमट लागतं. तिथे विहिरीचं तोंड गोठतं. माणूस हाताशी असेल त्यानेच साफ करतो. आपल्या हाताशी पाणी होतं, त्यांच्या हाताशी गवत, चिंध्या, आणि नंतर कागद.

कागद स्वस्त व्हायला जर्मनीतलाच एक माणूस कारण झाला. सॅक्सनीतल्या फ्रीडरिश केलर यांनी १८४४ च्या सुमाराला लाकूड घासून लगदा करायची युक्ती शोधली. चिंध्यांपासून होणारा कागद महाग होता, लाकडाचा स्वस्त झाला. पुढे घराघरात फ्लशचे संडास आले, आणि वर्तमानपत्राच्या जाड तुकड्यांनी नळ तुंबायला लागले. तिथून खास कागद ही गरज बनली. तुम्ही जिथे निघालाय त्या स्टुटगार्टच्या शेजारी लुडविग्सबुर्ग आहे. तिथे १९२८ मध्ये हान्स क्लेंक यांनी हाक्ले नावाची गुंडाळी काढली, तुकड्यांची संख्या मोजून खात्रीने दिलेली. तिची घोषणा अशा अर्थाची होती: हाक्लेची गुंडाळी मागा, म्हणजे टॉयलेट पेपर हा शब्द उच्चारावा लागणार नाही. संकोच तिथेही होताच.

आणि पाणी युरोपला अगदीच परकं नव्हतं. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून बिडे आहे, म्हणजे बसून पाण्याने धुण्यासाठीचं बुटकं भांडं. शब्दाचा अर्थ तट्टू, कारण त्यावर तट्टावर बसल्यासारखं बसायचं. इटलीत १९७५ पासून घरातल्या एका तरी न्हाणीघरात बिडे असणं नियमानेच बंधनकारक आहे. जपानची गोष्ट मला विशेष आवडते. पाण्याची धार सोडणारी बैठक अमेरिकेत आधी आजारी माणसांसाठी निघाली होती. जपानच्या टोटो कंपनीने ती आयात करून इस्पितळांना विकली, पण धार वेडीवाकडी जायची, पाणी कधी गार तर कधी चटका देणारं. मग त्यांनी स्वतः काम सुरू केलं. बैठकीवर आडवी तार ताणली, आणि कंपनीतल्या तीनशेच्या वर स्त्री-पुरुषांना बसवून शौचाची जागा नेमकी कुठे येते त्याची खूण करून घेतली. त्यावरून धारेचा कोन ४३ अंश ठरला, पाण्याचं तापमान ३८ अंश. १९८० साली ती वॉशलेट म्हणून बाजारात आली. ज्या देशात कागद सर्रास होता तिथे आज घरोघरी धार आहे. तेव्हा कागदाची माणसं पाण्याकडे वळूच शकत नाहीत असं समजायचं कारण नाही. शरीराच्या या भागाचा कुणीतरी इतक्या आदराने अभ्यास केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता आपल्याकडे येते, कारण इथे मला थोडं कडक बोलायचंय. आपण पाणी वापरतो आणि ती पद्धत चांगली आहे, यात मला शंका नाही. मळ कागदाने पसरतो, पाण्याने निघून जातो. पण पाण्याच्या पद्धतीत हात थेट विष्ठेला लागतो, आणि ही बाब आपण गृहीत धरून सोडून देतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीसाठी मातीचं माप दिलंय: गुदाला तीन वेळा, डाव्या हाताला दहा वेळा, आणि मग दोन्ही हातांना सात वेळा. त्या ग्रंथातल्या इतर गोष्टींशी माझं देणंघेणं नाही. पण जागेला तीन आणि हाताला दहा अधिक सात, हे प्रमाण कुणीतरी विचार करून ठेवलंय. माती आज वापरू नका, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. प्रमाण तेवढं लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात आपण काय करतो? पाच मिनिटं जेट, आणि हातावर नळाखाली दोन सेकंद पाणी. आमच्याकडे जेटचा खटका ज्या हाताने दाबतात, त्याच हाताने पुढे दाराची कडी. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. बाकी सगळं तेच होतं, हात तेवढे बदलले. आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष असा की साबणाने हात धुतल्याने जुलाबाच्या आजारांचा धोका ४२ ते ४७ टक्के कमी होतो. जर्मनीत तुम्हाला कागद वापरणारी माणसं दिसतील आणि मनात किळस येईल. ती यायच्या आधी बघा, बाहेर आल्यावर बेसिनशी साबण आहे का, आणि लोक तो वापरतात का. वापरत असतील तर रोगाच्या दृष्टीने ती माणसं सुरक्षित आहेत.

दुसरी चूक उलट टोकाची. तीन वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या. नऊ महिने खाज, रात्री झोप नाही, जंताच्या गोळ्या तीनदा झालेल्या. तपासायला झोपवून दिवा लावला तर गुदद्वाराभोवतीची कातडी साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजलेल्या बोटांसारखी पांढुरकी, सुरकुतलेली, आणि त्यात किरणांसारख्या बारीक चिरा. बोटाने हलकं ताणलं की प्रत्येक चीर लाल होऊन उघडायची. मी विचारलं, "तिथे काय लावता?" तर दिवसातून चार वेळा जंतुनाशक द्रव, नंतर अंगाचा साबण, नंतर जेट पूर्ण सोडून, आणि मग जाड टॉवेलने घासून कोरडं. स्वच्छतेच्याच नादात त्यांनी कातडीवरचं नैसर्गिक तेल आणि वरचा थर धुऊन काढला होता. मी त्यांचं सगळं बंद केलं. फक्त कोमट पाणी, मऊ सुती पंचाने टिपणं, झिंक ऑक्साइडचं साधं मलम. पाच आठवड्यांत कातडी पूर्ववत झाली. जंत नव्हतेच.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की फिशर असलेली माणसं भीतीने हेच करतात. चीर जेटच्या जोरदार धारेने धुऊन बरी होत नाही, उलट धारेने तिचा तळ उकरला जातो आणि आतला स्नायू आणखी आवळतो. तो आवळला की रक्तपुरवठा कमी होतो, आणि चीर भरून येत नाही. कागद घासल्यानेही तेच होतं. म्हणून कागद असो वा पाणी, शब्द एकच लक्षात ठेवा: टिपायचं, घासायचं नाही.

तुमच्यासाठी माझी योजना अशी राहील. घरी, म्हणजे तुमच्या भाड्याच्या घरात, दाबून धार सोडणारी लवचीक प्लास्टिकची बाटली ठेवा. वाकड्या नळीची मिळते, ती उत्तम. कोमट पाणी, हलकी धार, मग दोन-तीन पदरी कागदाने टिपून घ्यायचं. जेट बसवायचा मोह होईल, पण तिथल्या बऱ्याच न्हाणीघरांत जमिनीला जाळी नसते, पाणी सांडलं की ते खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. मालकाला विचारल्याशिवाय आणि बंद करायची वेगळी तोटी असल्याशिवाय जेट लावू नका. ऑफिसमध्ये संडासात जायच्या आधी बेसिनवर कागदाची चौपट घडी ओली करून घ्या. आधी कोरड्याने टिपा, मग ओल्याने, परत कोरड्याने. मी स्कॉटलंडमध्ये हेच करत असे आणि मला कुणी काही विचारलं नाही. बाटली न्यायची तर छोट्या कापडी पिशवीत न्या. बायका पाळीच्या दिवसांत अशी पिशवी घेऊनच जातात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि बाईमाणसाने दिशा नेहमी पुढून मागे ठेवायची, पाणी असो की कागद. मागचे जंतू पुढे आले की लघवीला जळजळ सुरू होते.

ओल्या वाइप्सचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. प्रवासात एखाददुसरा चालेल, रोज नको. त्यांतली सुगंधी द्रव्यं आणि टिकाऊपणासाठीची रसायनं या कातडीला सोसत नाहीत. त्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन या रसायनाची ॲलर्जी इतकी वाढली की युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर २०१७ पासून बंदी आहे. दुसरं म्हणजे ते भांड्यात कधीही टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. एकदा घरी करून बघा. दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात संडासाच्या कागदाचा तुकडा टाका, दुसऱ्यात तोंड पुसायचा टिश्यू, आणि चमच्याने ढवळा. पहिल्याचा थोड्या वेळात पेजेसारखा गढूळ लगदा होतो. दुसरा चिंधीसारखा अखंड तरंगतो, कारण ओला झाल्यावर फाटू नये म्हणून त्यात मुद्दाम राळेसारखा पदार्थ घातलेला असतो. वाइप तर त्याहून चिवट. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात वाइप्स आणि स्वयंपाकाची चरबी गोठून अडीचशे मीटर लांबीचा, १३० टनांचा खडक तयार झाला होता. तो फोडायला माणसांना आठवडेच्या आठवडे गटारात उतरावं लागलं.

पण हे सगळं पुसण्या-धुण्याचं झालं. फिशरचं मूळ तिथे नाही, ते शौचाच्या घट्टपणात आहे, आणि तुमचा खरा धोका मला तिथेच दिसतो. परदेशी गेलेल्या मुला-मुलींचं पहिल्या दोन महिन्यांत पोट बिघडतं. पालेभाजी-भाकरी सुटते, पाव आणि चीज सुरू होतं, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी होतं, आणि ऑफिसच्या संडासात संकोच वाटतो म्हणून कळ दाबून धरली जाते. दाबून धरलेलं शौच आतड्यात सुकतं. तेव्हा इसबगोल बरोबर न्या आणि रात्री भरपूर पाण्याबरोबर घ्या. जर्मनीत राय (rye) या गव्हासारख्या धान्याचा काळपट, जड, अख्ख्या दाण्यांचा पाव मिळतो. पांढऱ्या पावाऐवजी तोच घेत जा, चव लागायला आठवडा लागतो. कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंच पाट किंवा स्टूल घ्या, म्हणजे उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो आणि कुंथावं लागत नाही. मोबाइल बाहेर ठेवा. जुन्या घरांत तुम्हाला असं भांडं दिसेल की ज्यात आत सपाट टप्पा असतो आणि विष्ठा पाण्यात न पडता त्यावर राहते. पहिल्यांदा नकोसं वाटेल, पण रक्त आहे का, रंग काळा आहे का, हे त्यावर स्पष्ट दिसतं. मला तर ते भांडं उपयोगी वाटतं.

थोडक्यात परत सांगते. मळ काढायला पाणी सरस, पण हलक्या धारेने. पाणी नसेल तिथे ओला कागद, टिपून. साबण त्या जागेला नाही, हाताला, आणि हाताला वीस सेकंद, नखांच्या कडांसकट. शौच मऊ ठेवणं या सगळ्याच्या आधी.

निघायच्या आधी एकदा प्रत्यक्ष तपासून घ्याच. वर्षभर येणंजाणं चालू आहे म्हणजे चीर जुनी झाली असण्याची शक्यता आहे. जुनी असेल तर स्नायू सैल करणारं मलम लागतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, पूर्ण मुदतीपर्यंत लावायचं, आग थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट लिहून मागा, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कळेल. रक्त काळपट असेल, शौचात मिसळून येत असेल, वजन उतरत असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर फिशर समजून थांबू नका, लगेच दाखवा. आणि ती वाकड्या नळीची बाटली इथूनच घेऊन जा. रिकामी असेल तर विमानात हातातल्या सामानातही नेता येते, म्हणजे मधल्या विमानतळावरही उपयोगी पडेल.